फोनचे आयुष्य ठरविणारी नखाएवढी चिप

पाटोदा : ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी एक वेगळेच आंदोलन केले. शासनाने २०१९ मध्ये दिलेले स्मार्टफोन त्यांनी प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. २ जीबी रॅमचे हे फोन तापतात, मध्येच अडकतात आणि केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये आणलेले ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप त्यांच्यावर धड चालत नाही, अशी त्यांची तक्रार होती. बिघडलेला फोन दुरुस्त करण्याचा खर्चही पदरचा करावा लागत होता. ॲप मराठीत असावे, ही मागणी तर वेगळीच. पुढे फेब्रुवारी २०२३ मधील राज्यव्यापी संपातही नव्या फोनची मागणी अग्रभागी होती.

अवघ्या दोन वर्षांत फोन ‘म्हातारा’ कसा होतो, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. सायकल दोन वर्षांत जुनी होत नाही, शिलाई यंत्र तर दोन पिढ्या चालते. मग फोनलाच हे अल्पायुष्य का? या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी फोनच्या आत असलेल्या नखाएवढ्या चिपमध्ये, म्हणजे प्रोसेसरमध्ये आहे. फोन किती वेगाने चालेल हे ती चिप ठरवतेच. पण त्याला नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेची अपडेट किती वर्षे मिळतील, हेही मोठ्या प्रमाणात तीच ठरवते. ग्राहक मात्र फोन घेताना कॅमेरा, पडदा आणि किंमत एवढेच पाहतो. म्हणूनच या चिपची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

एका चिपमध्ये अख्खा संसार

संगणकात प्रोसेसर, चित्रे रेखाटणारी चिप आणि नेटवर्कची चिप अनेकदा वेगवेगळ्या असतात. स्मार्टफोनमध्ये मात्र हे सारे एकाच तुकड्यावर वसवलेले असते. गणिते करणारे मुख्य कोअर, पडद्यावरील चित्रांचे काम पाहणारा ग्राफिक्स विभाग, छायाचित्रांवर संस्कार करणारा विभाग, मोबाइल नेटवर्कशी बोलणारा मोडेम आणि उपग्रहांवरून ठिकाण ओळखणारी यंत्रणा असा तो एकत्रित संसार असतो.

अशा चिप बनविणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. अमेरिकेच्या क्वालकॉमच्या चिप ‘स्नॅपड्रॅगन’ या नावाने, तर तैवानच्या मीडियाटेकच्या ‘हेलिओ’ आणि ‘डायमेन्सिटी’ या नावांनी ओळखल्या जातात. स्वस्त फोनमध्ये चीनच्या युनिसॉक कंपनीच्या चिपही बऱ्याच आढळतात. सॅमसंग ‘एक्सिनॉस’, गूगल ‘टेन्सर’ आणि ॲपल ‘ए’ मालिकेतील चिप स्वतःच्या फोनसाठी तयार करवून घेतात. या सर्व चिपचा मूळ आराखडा ब्रिटनच्या आर्म कंपनीच्या रचनेवर आधारलेला असतो.

कोअर आठ, पण कोणते?

‘ऑक्टा-कोअर’ म्हणजे आठ कोअरचा प्रोसेसर, असे जाहिरातीत ठळकपणे छापलेले असते. परंतु आठ हा आकडा फारसे काही सांगत नाही. शेतात आठ माणसे कामाला आहेत, एवढे सांगून भागत नाही; त्यात जाणती किती आणि पोरे किती, हे पाहावे लागते. तसेच येथेही आहे.

आर्म कंपनीने २०१२ मध्ये ‘कॉर्टेक्स-ए५३’ हा लहान, कमी वीज खाणारा कोअर जाहीर केला. पुढे कित्येक वर्षे स्वस्त फोनमध्ये हेच आठ लहान कोअर एकत्र बसवले जात. मीडियाटेकची हेलिओ जी३५ ही त्याच वळणाची चिप आहे. याउलट हेलिओ जी९९ या २०२२ मधील चिपमध्ये ‘ए७६’ जातीचे दोन मोठे कोअर आणि ‘ए५५’ जातीचे सहा लहान कोअर आहेत. दोन्ही चिप आठ कोअरच्याच. पण एखादे ॲप उघडणे, पान वर सरकवणे किंवा कळफलक पुढे आणणे ही कामे प्रामुख्याने एका-दोन कोअरवर पडतात. तेथे मोठा कोअर असला, की फोन चटकन प्रतिसाद देतो. सगळेच लहान असतील, तर आठही जण मिळून ते काम लवकर उरकू शकत नाहीत.

दुसरी बाब म्हणजे चिप किती बारीक रेषांवर घडवली आहे. हे ‘नॅनोमीटर’ या मापात सांगतात. हेलिओ जी३५ ही १२ नॅनोमीटरची, हेलिओ जी९९ ही ६ नॅनोमीटरची, तर क्वालकॉमची २०२३ मधील स्नॅपड्रॅगन ४ जेन २ ही ४ नॅनोमीटरची चिप आहे. आकडा लहान, तितकी चिप साधारणपणे त्याच कामासाठी कमी वीज खाते आणि कमी तापते. चिप एका मर्यादेपलीकडे तापली, की स्वतःला वाचविण्यासाठी ती आपला वेग आपणहून कमी करते. बालाघाटच्या माथ्यावर एप्रिल-मेच्या उन्हात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उघड्यावर वापरला जाणारा फोन एकाएकी मंदावतो, त्याचे हे एक कारण आहे.

अर्थात वेग एकट्या प्रोसेसरवर अवलंबून नसतो. रॅम अपुरी असेल तर फोन मागची ॲप सतत बंद करतो आणि पुन्हा उघडतो. साठवणीची चिप ‘ईएमएमसी’ प्रकारची आहे की अधिक वेगवान ‘यूएफएस’ प्रकारची, यानेही मोठा फरक पडतो. परंतु किती रॅम आणि कोणती साठवण जोडता येईल, हेही शेवटी प्रोसेसरच ठरवतो.

अपडेट टेलपर्यंत का पोचत नाही?

मांजरा नदीचा उगम पाटोदा तालुक्यातला. तिचे पाणी अडवून कालव्यात सोडले जाते ते मात्र खाली केज तालुक्यात धनेगावला. धरणातून पाणी सुटले म्हणजे ते प्रत्येक रानात पोचलेच, असे नसते. मुख्य कालवा, वितरिका, चारी असे टप्पे ओलांडताना टेलचा शेतकरी अनेकदा कोरडाच राहतो. अँड्रॉइडच्या अपडेटचा प्रवास असाच आहे.

गूगल अँड्रॉइडची नवी आवृत्ती तयार करते आणि तिचा मूळ संच खुला करते. पण हा संच थेट कोणत्याही फोनवर चालत नाही. प्रत्येक चिपला ‘ड्रायव्हर’ लागतात. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि चिप यांच्यामधला दुभाषा. ग्राफिक्सचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा, मोडेमचा वेगळा. हे दुभाषे बहुतांशी चिप कंपनीच्या मालकीचे आणि बंदिस्त असतात. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली, की दुभाष्यालाही नवी भाषा शिकवावी लागते आणि ते काम चिप कंपनीच करू शकते. तिने ते केले, की फोन कंपनी आपल्या खास सोयी त्यात मिसळते, चाचण्या घेते आणि मग अपडेट ग्राहकाकडे रवाना होते.

चिप कंपनीचा व्यवसाय नव्या चिप विकण्याचा आहे. तीन-चार वर्षांपूर्वी विकलेल्या स्वस्त चिपसाठी अभियंते राबवण्यात तिला फायदा दिसत नाही. फोन कंपनीचाही कमी किमतीच्या फोनवरील नफा तुटपुंजा. परिणामी, पाणी मध्येच अडते.

तीन बोलकी उदाहरणे

पहिले उदाहरण गूगलच्याच ‘गॅलेक्सी नेक्सस’ या फोनचे. २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० सह आलेल्या या फोनमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची ‘ओमॅप’ चिप होती. २०१२ मध्ये ही कंपनी मोबाइल चिपच्या व्यवसायातून बाहेर पडली. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.४ आले, तेव्हा या फोनला ते मिळाले नाही. १८ महिन्यांची अपडेटची मुदत संपली, असे कारण गूगलने दिले. पण ज्या चिपचा कर्ता उरला नाही, तिच्यासाठी नवे ड्रायव्हर कोण लिहिणार, हा प्रश्नही होताच.

दुसरे उदाहरण २०१६ मधील. स्नॅपड्रॅगन ८०० आणि ८०१ या आपल्या काळातील सर्वोत्तम चिपपैकी होत्या. सोनीच्या ‘एक्सपिरिया झेड३’वर अँड्रॉइड ७ ची चाचणी आवृत्ती चालूही लागली होती. तरी अंतिम आवृत्ती त्या फोनला मिळाली नाही, कारण नव्या आवृत्तीला लागणारी ग्राफिक्सची पूर्तता या चिपसाठी करून देण्यात आली नाही. महागडा फोन घेतला म्हणजे निश्चिंत झालो, हा समज येथे खोटा ठरला.

तिसरे उदाहरण सर्वांत नेमके आहे. १० सप्टेंबर २०१३ रोजी ॲपलने एकाच कार्यक्रमात दोन फोन जाहीर केले. आयफोन ५सी आणि आयफोन ५एस. कंपनी एक, दिवस एक, ऑपरेटिंग सिस्टीम एक. फरक चिपचा होता. ५सी मध्ये आधीच्या वर्षीची ३२-बिटची ‘ए६’, तर ५एस मध्ये नवी ६४-बिटची ‘ए७’. २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२-बिटचा मार्ग बंद केला आणि ५सी आयओएस १० वरच थांबला. ५एस ला मात्र ११ आणि १२ या आवृत्त्या मिळाल्या आणि सुरक्षेची दुरुस्ती तर जानेवारी २०२३ मध्येही मिळाली. एकाच दिवशी जन्मलेल्या या दोन भावंडांच्या आयुष्यात इतके अंतर पडले, ते प्रोसेसरमुळे.

तथापि, इच्छाशक्ती असेल तर चिपच्या मर्यादेवरही काही अंशी मात करता येते. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने २०१५ मधील आपला ‘फेअरफोन २’ हा फोन, त्यात तीच स्नॅपड्रॅगन ८०१ चिप असूनही, स्वतःच्या मेहनतीने अँड्रॉइड १० पर्यंत नेला आणि त्याला मार्च २०२३ पर्यंत आधार दिला. पुढे २०२३ मधील ‘फेअरफोन ५’साठी कंपनीने कारखान्यांतील उपकरणांसाठीची, दीर्घ मुदतीचा पाठिंबा असलेली क्वालकॉमची चिप मुद्दाम निवडली. आधीच्या अनुभवातून घेतलेला हा धडा होता.

प्रश्न केवळ हौसेचा नाही

नवी आवृत्ती म्हणजे नवी चित्रे आणि नवे रंग, असा अनेकांचा समज असतो. मराठी वाचकांना तरी त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीऐवजी चौकोन दिसत, जोडाक्षरे तुटत. ती अडचण नव्या आवृत्त्यांनी दूर केली. ज्यांच्या फोनला त्या मिळाल्या नाहीत, त्यांना मराठी वाचण्यासाठी नवा फोन घ्यावा लागला.

सुरक्षेचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. गूगल ऑगस्ट २०१५ पासून दरमहा अँड्रॉइडमधील त्रुटींची यादी प्रसिद्ध करते. त्यात क्वालकॉम, मीडियाटेक अशा चिप कंपन्यांच्या भागांतील त्रुटी स्वतंत्रपणे दिलेल्या असतात. मीडियाटेकच्या अनेक चिपमध्ये एक अशी त्रुटी सापडली होती, की एखादे लबाड ॲप तिचा फायदा घेऊन संपूर्ण फोनचा ताबा मिळवू शकत होते. कंपनीने मे २०१९ मध्ये त्यावर उपाय तयार केला. पण अनेक फोन कंपन्यांनी तो ग्राहकांपर्यंत पोचवलाच नाही. अखेर मार्च २०२० मध्ये गूगलने आपल्या मासिक यादीत त्याचा समावेश केला. ज्या फोनवर यूपीआयने पैसे जातात-येतात, त्याच फोनला दोन-तीन वर्षे सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली नसते, हे चित्र सर्रास दिसते.

शिवाय ॲप बनविणाऱ्या कंपन्या जुन्या आवृत्त्यांचा हात सोडतात. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप अँड्रॉइड ४.४ वर चालणे बंद झाले. अँड्रॉइडनेही आपली किमान गरज वाढवली आहे. २०२२ मधील अँड्रॉइड १३ पासून, स्वस्त फोनसाठीच्या ‘गो’ आवृत्तीलाही किमान २ जीबी रॅम लागते.

पाटोद्यासारख्या तालुक्यात याचा अर्थ काय, हे पाहण्याजोगे आहे. ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’ ॲपद्वारे स्वतः करावी, अशी व्यवस्था राज्यात सुरू झाली. त्यासाठी रानात उभे राहून छायाचित्र काढावे लागते आणि ठिकाणाची नोंद व्हावी लागते. ठिकाण ओळखणारी यंत्रणा चिपमध्येच असते. भारताच्या ‘नाविक’ उपग्रहांचे संकेत ओळखणाऱ्या क्वालकॉमच्या चिप जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाल्या. त्यापूर्वीच्या अनेक फोनना ती सोय नाही. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ या ॲपवरून भरले गेले, तेही बऱ्याच अंशी अंगणवाडी सेविकांच्या हातून. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचा गावाशी आणि बँकेशी असलेला दुवाही हाच भ्रमणध्वनी.

जुलै २०२५ पासून तर घरी नेण्याचा पोषण आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ‘पोषण ट्रॅकर’वर ओळखून घेणे बंधनकारक करण्यात आले. चेहरा ओळखणे हे प्रोसेसरच्या दृष्टीने जड काम आहे. कॅमेऱ्यातील चित्र स्वच्छ करणे, चेहऱ्याची ठेवण मोजणे आणि ती नोंदीशी ताडून पाहणे यासाठी बरीच गणिते करावी लागतात. फोन कमकुवत असेल, नेटवर्क क्षीण असेल, तर अंगणवाडीच्या दारात रांग खोळंबते. आणि त्या रांगेत गरोदर माता आणि लहान मुले असतात. ॲपची भूक दरवर्षी वाढते, चिप मात्र तीच राहते. २०२१ मध्ये फोन परत करण्याची वेळ आली, त्याचे मूळ या विसंगतीत होते.

चित्र बदलते आहे

या दुखण्यावर उपाय झालेच नाहीत, असे म्हणता येणार नाही. गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आणले. त्यामुळे चिपशी निगडित भाग आणि बाकीची ऑपरेटिंग सिस्टीम यांच्यात स्पष्ट भिंत उभी राहिली आणि एक बदलताना दुसऱ्याला हात लावण्याची गरज कमी झाली. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून काही महत्त्वाचे भाग थेट प्ले स्टोअरच्या मार्गाने अपडेट होऊ लागले. डिसेंबर २०२० मध्ये क्वालकॉम आणि गूगल यांनी, स्नॅपड्रॅगन ८८८ पासून पुढे, तीन नव्या आवृत्त्या आणि चार वर्षांच्या सुरक्षा अपडेटना पाठबळ देण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये, स्नॅपड्रॅगन ८ एलिटपासून, ही मुदत आठ वर्षांपर्यंत नेण्यात आली. मात्र चिप कंपनीने दिलेली ही केवळ सोय आहे. ती वापरायची की नाही, हे फोन कंपनीच्या हाती आहे.

फोन कंपन्यांतही चढाओढ लागली आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली. त्याच वर्षी आलेल्या, मध्यम किमतीच्या गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जीला सहा वर्षांची हमी मिळाली. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून, एखाद्या फोनची विक्री बंद झाल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडे असे बंधन नसल्याने ग्राहकाने स्वतःच चौकस राहणे आवश्यक ठरते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

‘ऑक्टा-कोअर’ या शब्दावर न थांबता चिपचे पूर्ण नाव आणि ती कोणत्या वर्षीची आहे, हे विचारावे. त्यात किमान दोन मोठे कोअर असावेत. सर्व आठ कोअर लहान असतील, तर तो फोन फक्त बोलण्यापुरता आणि निरोपांपुरता आहे, असे समजावे.

अपडेटची हमी किती वर्षांची आणि ती कोणत्या दिवसापासून मोजली जाते, हे पाहावे. बहुधा ती फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही. तीन वर्षांपूर्वीचा फोन सवलतीत मिळाला आणि हमी चारच वर्षांची असली, तर हाती एकच वर्ष उरते. वापरलेला फोन घेताना हा हिशेब अधिकच काटेकोरपणे मांडावा.

दुकानात फोन हातात घेतल्यावर सेटिंगमधील फोनच्या माहितीत जाऊन अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. ही तारीख वर्षभरापूर्वीची असेल, तर त्या फोनकडे कंपनीचे लक्ष उरलेले नाही, हे उघड आहे.

चार-सहा वर्षे वापरायचा असेल, तर रॅम आणि साठवण आजच्या गरजेपेक्षा थोडी अधिक घ्यावी. रॅम आणि फोनची अंतर्गत साठवण पुढे वाढवता येत नाही. जुन्या फोनवर सुरक्षेचे अपडेट आले, तर ते जरूर घ्यावे. मोठी नवी आवृत्ती मात्र दुबळ्या चिपवर फोन मंद करू शकते. त्यामुळे तोच फोन वापरणाऱ्यांचा अनुभव कळेपर्यंत काही दिवस थांबण्यास हरकत नाही.

हाच हिशेब हजारोंच्या संख्येने फोन घेणाऱ्या शासकीय विभागांनाही लागू पडतो. निविदेत केवळ रॅम आणि दर न पाहता चिप कोणती, अपडेट किती वर्षे मिळणार आणि ज्या ॲपसाठी फोन घेतला जात आहे ते त्यावर पाच वर्षांनीही चालेल काय, या अटी घालता येणे शक्य आहे. तसे झाले, तर फोन परत करण्यासाठी सेविकांना पुन्हा कार्यालयाची पायरी चढावी लागणार नाही.